खुणेचे दिवस

सेफ पिरिअडच्या भरवशावर राहू नका, असं मी उभी नोकरी सांगत आले. आरोग्य सहाय्यिका म्हणून उपकेंद्रांच्या फेऱ्या करताना, लसीकरणाच्या दिवशी, आशाताईंच्या बैठकीत, कुणी घरी चहाला थांबवून घेतलं तर तिथेही. ‘दिवस मोजत बसू नका. तांबी बसवा, माला-एन घ्या, अंतराचं इंजेक्शन आहे, छायाची गोळी आहे, नवऱ्याला निरोध वापरायला सांगा.’ गर्भ राहण्याचे दिवस कोणते, हे बाईनं स्वतः ओळखायला शिकावं, हा विषयच मला नको असायचा. कुणी काढला तर मी तो तिथेच मिटवत असे. आता निवृत्तीनंतर बुटीबोरीत राहताना मी नेमकं तेच शिकवते, आणि मुलीला पाळी येते त्या वयापासून ते शिकवावं असं म्हणते. माझं जुनं बोलणं ऐकलेल्या पुष्कळ जणी याच भागात आहेत. मत का पालटलं आणि कुठे जराही पालटलं नाही, हे दोन्ही त्यांना मोकळेपणानं सांगणं मला गरजेचं वाटतं.

माझ्या नकारामागे आमच्याच भागाचा इतिहास होता. नागपूरहून येणारा रस्ता बुटीबोरीला फुटतो. एक हैदराबादकडे जातो, दुसरा वर्ध्याकडे. त्या वर्ध्यात डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला आल्या. संततिनियमनाच्या साधनांना गांधीजींचा असलेला विरोध त्या भेटीनंतरही टिकला. महिन्यातले ठराविक दिवस टाळण्याचा मार्ग मात्र त्यांना बाकीच्या साधनांइतका खटकला नाही, कारण त्यात संयमाला जागा होती. गांधीजींच्या निकटच्या राजकुमारी अमृत कौर पुढे स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं कुटुंबनियोजनाचे पहिले प्रयोग केले, ते याच दिवस मोजण्याच्या पद्धतीचे. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेतर्फे डॉ. अब्राहम स्टोन आले. दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या रामनगरममध्ये बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. रोज एक मणी सरकवायचा; अमुक रंगाचा मणी आला की नवऱ्यापासून दूर राहायचं, तमुक रंगाचा आला की चिंता नाही. त्या प्रयोगातून फारसं काही हाती लागलं नाही. पाळी कधी लवकर येते, कधी लांबते. माळेला ते कसं कळणार?

दुसरीकडे, मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्येच संततिनियमन केंद्र काढलं होतं. त्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली, तरी १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक नेटानं चालवलं. बाईच्या हाती खात्रीचं साधन यावं म्हणून एका माणसानं एवढं सोसलेलं असताना तिला परत तारखा मोजायला बसवणं म्हणजे मागे जाणं, असं मी मानत होते. दिवस मोजून फसलेल्या आणि नको असताना तिसऱ्यांदा, चौथ्यांदा दिवस गेलेल्या बायकांचे चेहरे डोळ्यांसमोर असत, त्यामुळे हे मत अधिकच घट्ट होत गेलं.

नकाराचं दुसरं कारण स्रावाशी जोडलेलं होतं. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन खेड्यांतल्या ६५० बायकांना तपासलं, तर ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. ग्रामीण बाई म्हणजे गरोदरपण आणि नसबंदी, एवढंच पाहणाऱ्या यंत्रणेला त्या अभ्यासानं जागं केलं. माझ्यासारख्या कित्येक जणींच्या कामाला त्यानं दिशा दिली. तेव्हापासून कुणी ‘अंगावरून पांढरं जाते’ म्हटलं की माझ्या मनात पहिला विचार संसर्गाचा येई. पुढे रंगांप्रमाणे औषधांची किट आली. योनिस्रावाची तक्रार असेल तर हिरवं किट द्यायचं. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे लक्षणांवरून उपचार करायचे, अशी ती पद्धत. त्या किटनं अनेकींची खाज, दुर्गंधी, वर्षानुवर्षं अंगावर काढलेला त्रास थांबला, हे मी पाहिलेलं आहे. पण तक्रार आणि औषध यांच्यामध्ये एक प्रश्न विचारायचा राहून जाई: हा स्राव महिन्यातून कधी येतो, आणि दिसतो कसा?

तो प्रश्न माझ्या तोंडी आला बुटीबोरीत. एमआयडीसीमुळे इथे वस्ती दाट झाली आहे. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडची माणसं आहेत, छत्तीसगड, उत्तर प्रदेश, बिहारमधली आहेत. एका ओळीत बांधलेल्या खोल्या, बाहेर सामाईक नळ, सामाईक संडास. नवरा कंपनीत, बाई खोलीत किंवा तीही कुठे पॅकिंगला. मी निवृत्त झाले तरी ‘सिस्टर’ म्हणून बायका दाराशी येतात.

तशीच एक आली. यवतमाळकडची, लग्नाला काही वर्षं झालेली, मूल नाही. तक्रार मुलाची नव्हती. ‘सिस्टर, मले दर महिन्याले पांढरं जाते. सासू म्हणते, कमजोरी हाये, म्हणूनच दिवस राहत नाही. गोळ्या खाऊन झाल्या, पण जातच नाही ते.’ एका दवाखान्यानं पिशवी साफ करून घ्यायलाही सुचवलं होतं. मी नेहमीचे प्रश्न विचारले. खाज येते? ‘नाही.’ वास? ‘नाही.’ लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, संबंधाच्या वेळी त्रास? ‘काहीच नाही.’ मग दिसतं कसं? ती जरा थांबली, दाराकडे पाहिलं, आवाज खाली केला. ‘पाण्यावानी. आरपार दिसते. अन् तार निघते, भेंडी चिरल्यावर निघते ना, तशी.’ कधी? ‘पाळी झाल्यावर लगेच नाही. मधात. तीन-चार दिवस राहते अन् आपोआप बंद होते.’

पुस्तकात निरोगी स्रावाचं जे वर्णन असतं, ते ही बाई एक शब्द न वाचता अचूक सांगत होती. आणि त्याच गोष्टीसाठी तिला गोळ्या दिल्या जात होत्या.

शरीरात घडतं ते असं. पाळी संपल्यावर काही दिवस बहुतेकींना कोरडं वाटतं. मग अंडाशयात एक बीज वाढू लागतं आणि त्याच्याबरोबर इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं. त्याच्या प्रभावानं गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथींचा स्राव बदलतो. आधी थोडा, चिकट, पांढुरका, पुढे ओलसर, आणि बीज सुटण्याच्या सुमारास पातळ, पारदर्शक, बुळबुळीत, दोन बोटांत धरून ताणला तर न तुटणारा. या दिवसांत त्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं. एरवी योनीतल्या आम्लात शुक्रजंतू काही तासांत मरतात. या स्रावाच्या आसऱ्यानं ते पाच दिवसांपर्यंत जगू शकतात आणि वर सरकतात. बीज मात्र सुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. म्हणून गर्भ राहण्याचे दिवस साधारण सहा: बीज सुटण्याआधीचे पाच आणि सुटण्याचा एक. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन वाढतं, स्राव एकदम आटतो, घट्ट होतो, पुन्हा कोरडं वाटू लागतं. बुळबुळीतपणाचा शेवटचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा, कारण बीज बहुधा त्याच्या आगेमागे सुटतं. तो शेवटचा होता हे कळतं मात्र दुसऱ्या दिवशी, कोरडं वाटल्यावर.

यवतमाळकडची ती बाई मात्र बीज चौदाव्या दिवशीच सुटतं, यावर अडकली होती. ‘मोबाईलवर चौदावा दाखवते,’ ती म्हणाली. तिची पाळी पाच आठवड्यांनी येणारी. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींचा दोन आठवड्यांच्या आसपास असतो. पाळी लांबते ती मुख्यतः त्याआधीच्या काळामुळे. म्हणजे पस्तीस दिवसांच्या चक्रात बीज साधारण एकविसाव्या दिवशी सुटायचं. अमेरिकेतल्या ॲलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं की गर्भ राहण्याचे सगळे दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसाच्या आत बसतात, अशा बायका जेमतेम ३० टक्के. पाळी नियमित असणाऱ्यांतही हे दिवस पुढेमागे होतात. ती आणि तिचा नवरा मोबाईलच्या तारखेवर विसंबून महिनोन्‌महिने आठवडाभर आधीच प्रयत्न करत होते.

त्यात शिफ्टची भर. फर्स्ट, सेकंड, नाईट अशी आठवड्याआठवड्यानं बदलणारी ड्युटी. तो सकाळी येऊन झोपणार, ती कामाला जाणार. मधला रविवारही ओव्हरटाइमला जाणार. मूल हवं असलेली किती जोडपी एकाच खोलीत राहून एकमेकांना नीट भेटतच नाहीत, हे बुटीबोरीत राहायला आल्याशिवाय मला कळलं नसतं. ‘दोन-तीन दिवसांनी एकत्र या, दिवस मोजायची गरज नाही,’ हा डॉक्टरांचा सल्ला अगदी योग्य आहे. ज्यांना तो पाळता येतो त्यांनी तोच पाळावा. ज्यांच्या वाट्याला पंधरवड्यात मोजक्या रात्री येतात, त्यांना कोणती रात्र कामाची हे कळायला हवं. सकाळी उठल्याबरोबर तापमान घेऊनही बीज सुटल्याचं कळतं, ते ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसनं वाढतं. पण सुटून गेल्यावर. आणि रात्रपाळीच्या बदललेल्या झोपेत, मे महिन्यात कूलरसमोर झोपलेल्या बाईला त्या आकड्यावर काय भरवसा? स्रावाची खूण आधी मिळते आणि फुकट मिळते.

मी तिला एवढंच शिकवलं: लघवीला जाताना दिवसातून दोन-तीनदा बाहेरूनच पाहायचं, आत बोट घालायचं नाही. पुसताना कोरडं लागतं की निसरडं, ते जाणवू द्यायचं. संबंधानंतर लगेच पाहिलेलं धरायचं नाही. दिवसभरात जे सगळ्यात निसरडं दिसलं, ते रात्री लिहायचं. तिच्या खोलीच्या दारामागे महालक्ष्मीचं कॅलेंडर होतं. त्यावर दुधाचा हिशोब, सिलिंडर लागल्याची तारीख, भिशीचा हप्ता. त्याच चौकोनांत तिनं कोपऱ्यात बारीक अक्षरं लिहायला सुरुवात केली: ‘को’ कोरड्याचा, ‘चि’ चिकटाचा, ‘ता’ तारेचा, पाळीला फुली. घरात कुणाला काही कळलं नाही. तीन पानं उलटली तेव्हा ‘ता’ दर वेळी विसाव्याच्या आसपास होता आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी फुली.

तिला पुढे दिवस गेले. ते केवळ या खुणेनं गेले, असं मी म्हणणार नाही. मधल्या काळात दोघांच्या तपासण्याही झाल्या होत्या. माझं मत हललं ते त्याच्या आधीच, ती कॅलेंडरची पानं घेऊन नागपूरला डॉक्टरांकडे गेली तेव्हा. ‘पांढरं जाते, कमजोरी हाये’ ऐवजी तिनं सांगितलं की माझी पाळी पस्तीस दिवसांची आहे, बीज विसाव्याच्या पुढे सुटतं असं दिसतं, पिशवी साफ करायची गरज आहे का ते सांगा. माझ्या सगळ्या नोकरीत मी बायकांना औषध दिलं, साधन दिलं, धीर दिला. डॉक्टरांपुढे आपल्या शरीराचं म्हणणं स्वतः मांडण्याचं बळ दिलं असं मला फार थोड्या वेळा म्हणता येईल.

मग मी वाचायला बसले. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचे डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी १९५३ पासून या खुणांवर काम सुरू केलं. त्यांच्या पत्नी डॉ. एव्हलिन त्यांच्या जोडीला आल्या. दोघं कॅथलिक, आणि चर्चला साधनं मान्य नसल्यानं ही पद्धत जगभर पर्याय म्हणून पसरली. साधनांविरुद्धच्या प्रचाराशी ती जोडलेली असल्यामुळे मी तिच्याकडे पाठ फिरवली होती. पण जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत तिची पारख केली, त्यात आपलं बंगळूरही होतं. १९८१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत एक आकडा होता, त्यानं मला विचार करायला लावलं: शिकवल्यानंतर पहिल्याच चक्रात ९३ टक्के बायकांना आपली खूण ओळखता आली. त्यांत अजिबात न शिकलेल्या बायकाही होत्या. ‘आपल्या बायकांना हे जमणार नाही’ असं मी जे धरून चालले होते, त्याला आधार उरला नाही.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही मी तितक्याच जोरानं सांगते. मूल नको म्हणून ही पद्धत वापरणाऱ्या १०० बायकांमागे वर्षाला सुमारे २२ जणींना दिवस गेले. नियम काटेकोर पाळले तर प्रमाण खूप कमी, तीनच्या आसपास. पण नियम पाळणं एकट्या बाईच्या हाती नसतं. नवरा पिऊन आला, ऐकेना झाला, तर ‘आज तारेचा दिवस आहे’ हे सांगून काय होणार? म्हणून मूल नको असेल तर तांबी, गोळी, इंजेक्शन, निरोध, हे माझं म्हणणं आजही तेच आहे. जिची पाळी अनियमित आहे, जी अंगावर पाजते आहे, जिला पीसीओडी आहे, तिला या खुणा वाचणं अवघड जातं. पीसीओडीत तर बीज न सुटताही अधूनमधून तार दिसते. माला-एनसारखी गोळी किंवा अंतराचं इंजेक्शन चालू असेल तर या खुणेवर विसंबता येत नाही. आणि सेफ पिरिअड म्हणून तारखा मोजणं वेगळं, शरीर पाहणं वेगळं. पहिल्यावर माझा विश्वास अजूनही नाही.

संसर्गाबाबतही काही बदललेलं नाही. खाज आणि दह्याच्या कणांसारखा घट्ट पांढरा स्राव, माशासारखा वास, हिरवट-पिवळा फेसाळ स्राव, स्रावात रक्त, ओटीपोटात दुखून ताप, पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून जाणं: यांपैकी काहीही असेल तर घरी बसू नका. आपला निरोगी स्राव कसा असतो हे जिला माहीत आहे, तिला बिघडलेला लवकर ओळखू येतो. डॉ. बंग दांपत्याचा अभ्यास मी आता याच अर्थानं वाचते. बाईच्या आजाराकडे लक्ष द्या, हे त्यांनी सांगितलं. त्यासाठी तिला तिचं आरोग्यही माहीत असावं, हे मी त्याला जोडते. ज्या दुसऱ्या एका मुलीनं माझ्याकडे महिनोन्‌महिने फक्त ‘को’ लिहिलेला आणला, तिला मी लगेच तपासणीला पाठवलं आणि थायरॉइडचा त्रास निघाला. खूण न दिसणं हीसुद्धा एक माहितीच असते.

या शिकवण्यात मला एका प्रश्नाची भीती होती, आणि तो आलाच. ‘मुलगा होण्यासाठी कोणता दिवस, सिस्टर?’ सासूबाई विचारतात, कधी सून विचारते. सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी, हा हिशोब आपल्याकडे धर्मग्रंथांइतका जुना आहे. विलकॉक्स यांच्याच १९९५ च्या अभ्यासात मूल हवं असलेल्या २२१ बायकांच्या नोंदी होत्या. कोणत्या दिवशी संबंध आला याचा बाळ मुलगा की मुलगी याच्याशी काही नातं आढळलं नाही. मी हे स्पष्ट सांगते, आणि असंही सांगते की ज्या घरात मुलीला जागा नाही त्या घरासाठी मी ही माहिती देत नाही. मूल न होण्याचं खापर एकट्या बाईवर फोडणाऱ्यांनाही सांगते की जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही अडचण असते. वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत, किंवा बाई पस्तिशीच्या पुढची असून सहा महिने झाले, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. गर्भनलिका बंद असेल, गर्भाशयाचा क्षयरोग असेल, तर कितीही खुणा ओळखल्या तरी उपयोग नाही.

दहावीच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात मासिक चक्र आहे, संप्रेरकं आहेत, अंडमोचन आहे. मुली ते पाठ करतात, गुण मिळवतात, आणि त्याच महिन्यात चड्डीवर तार दिसली की घाबरून आईला सांगतात. आई घाबरून गोळी आणते. त्या धड्याला बाईंनी फक्त चार वाक्यं जोडावीत: महिन्यातून काही दिवस असा स्राव येतो, तो असा दिसतो, तो निरोगी असतो, आणि अमुक दिसलं तर सांगा. आशाताईंना माझी विनंती आहे की ‘पांढरं जाते’ ऐकल्यावर औषधाआधी विचारा: कधी, कसं, किती दिवस? ज्या विवाहितेला मूल नको आहे तिला साधन द्या, आणि ही माहितीही द्या. एक दिलं म्हणून दुसरं रोखून ठेवायचं कारण नाही. मी ते रोखून धरत होते, कारण बायका त्याचा गैरवापर करून फसतील अशी मला काळजी वाटे. आता मला वाटतं, बाईला तिच्या शरीराबद्दल खरं आणि पुरतं सांगावं, आणि निर्णय तिला घेऊ द्यावा.